हात वर केलेल्या शत्रूचं काय करायचं?

नाशिक रोड

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा गेमचा आराखडा वाचला आणि फोनवरचं बिल्डही, म्हणजे गेमची आतापर्यंत झालेली आवृत्ती, खेळून पाहिलं. नदीकाठचं शहर, घाट, पेठ, जुन्या वाड्यांमधले बोळ आणि त्यातून पुढे सरकणारी आठ जणांची तुकडी. बंदुकीचा झटका, धुरातून दिसणारी माणसं, हे तुला छान जमलं आहे. तुझा प्रश्न असा, की अशा गेममध्ये युद्धाचे कायदे आणावेत का, आणि आणले तर खेळायला कोणी थांबेल का. माझं मत आहे की आणावेत, आणि गेमच्या यंत्रणेतच बसवावेत. प्लेअरला कायदा मोडता आला पाहिजे आणि त्याने तो मोडल्याचं त्या जगाला कळलं पाहिजे.

आधी एक गैरसमज काढू. युद्धाचा कायदा लढायला मनाई करत नाही. दबा धरून बसणं, बेसावध सैनिकाला स्नायपरने टिपणं, माघार घेणाऱ्यावर गोळीबार करणं, खोट्या हालचाली दाखवून शत्रूला चकवणं, हे सगळं कायद्यात बसतं. हल्ल्यासाठी उतरणाऱ्या छत्रीधारी सैनिकावर हवेतच गोळी झाडता येते. पेटलेल्या विमानातून जीव वाचवायला उडी टाकलेल्या वैमानिकावर मात्र नाही. म्हणजे तुझ्या गेममधली बहुतेक मारामारी आहे तशीच राहील. बदलतील ते मोजके क्षण, आणि खेळणाऱ्याच्या लक्षात राहतात ते नेमके तेच.

२०११ मध्ये जिनिव्हातल्या रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हा विषय निघाला, तेव्हा गेम खेळणाऱ्यांना युद्धगुन्हेगार ठरवणार अशा बातम्या पसरल्या. तसं काहीच नव्हतं. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने लगेच स्पष्ट केलं, की पडद्यावरच्या कृत्याला कायदा लागू होत नाही आणि राक्षस किंवा परग्रहवासी मारण्याच्या गेमशी त्यांना काही कर्तव्य नाही. खरं युद्ध दाखवतो असा दावा करणाऱ्या गेममध्ये खऱ्या सैनिकावरची बंधनंही दिसावीत, नियम पाळल्याचा फायदा आणि मोडल्याचा तोटा व्हावा, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे २०१७ मध्ये ‘आर्मा ३’ या गेमचा याच विषयावरचा जादा भाग समितीच्या सहकार्याने निघाला. त्यात प्लेअर सुरुंग काढणाऱ्या मदतकार्यातल्या माणसाच्या भूमिकेत असतो. लोकांनी तो विकत घेऊन खेळला. तेव्हा मजा जाईल ही भीती मनातून काढ.

आपल्याकडचं कायद्याचं चित्रही माहीत असू दे. १९४९ चे चारही जिनिव्हा करार भारताने १९५० मध्ये मान्य केले आणि १९६० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. १९७७ च्या दोन जादा प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या पुरवणी करारांमध्ये, भारत नाही. तरी सैनिक आणि नागरिक यांतला भेद, शरणागताला अभय, लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांच्या हानीचं प्रमाण हे त्यांतले गाभ्याचे नियम रूढीने सगळ्याच देशांना बांधतात असं मानलं जातं. तुझं शहर काल्पनिक आहे, म्हणून कुठला देश कुठल्या करारात हा घोळ तुला नको. गाभ्याचे नियम घे आणि कामाला लाग.

आता शरणागती. सध्या तुझ्या शत्रूला दोनच अवस्था आहेत, जिवंत आणि मेलेला. त्या सहा कर: लढणारा, दबलेला, जखमी, शरण आलेला, निःशस्त्र केलेला, कैदी. शरण जायचं की नाही हे गोळी लागताक्षणी ठरवू नकोस, नाहीतर दोन मिनिटांत अख्खी पलटण हात वर करेल. दर चार-पाच सेकंदांनी एकदा तपास: तो एकटा पडलाय का, जखमी आहे का, मागचा रस्ता बंद आहे का, गोळ्या संपत आल्यात का. यातल्या किमान दोन गोष्टी खऱ्या असतील तरच शक्यता उघडायची.

गाडी अडते ती पुढच्या बारकाव्यांत. पहिला घोटाळा एम असिस्टचा. फोनवर निशाणा आपोआप शत्रूकडे ओढला जातो, आणि तुझ्या बिल्डमध्ये तो हात वर केलेल्या माणसाकडेही ओढला जाईल, कारण त्याच्यावरचा ‘शत्रू’ हा टॅग तसाच राहतो. म्हणजे गुन्हा गेमच घडवणार आणि दोष प्लेअरला देणार. अवस्था बदलली त्याच फ्रेमला टॅग काढ, क्रॉसहेअरचा, म्हणजे नेमाच्या खुणेचा, लाल रंग काढ आणि तुकडीतल्या साथीदारांच्या लक्ष्यांच्या यादीतूनही त्याला वगळ. हे शेवटचं हमखास विसरलं जातं. मग प्लेअर बंदूक खाली घेतो आणि शेजारचा साथीदार त्या शरणागताला गोळी घालतो.

दुसरा घोटाळा वेळेचा. प्लेअरचं बोट आधीच ट्रिगरवर असतं. शरणागतीचं ॲनिमेशन त्याला दिसू लागल्यापासून साधारण एक सेकंद सवलतीचा ठेव. त्यातल्या गोळ्या गुन्हा धरू नकोस. सेकंद मोजायचा तो अवस्था बदलल्यापासून नव्हे, प्लेअरला तो माणूस पडद्यावर दिसल्यापासून. भिंतीपलीकडे कोणी हात वर केले आणि त्याच वेळी प्लेअरचा ग्रेनेड तिथे पडला, तर त्याला ते कळायला मार्गच नव्हता.

तिसरी अडचण पडद्याची. सहा इंची फोनवर चाळीस मीटरवरचा माणूस तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. त्याचे हात वर आहेत की तो नेम धरतोय, कसं कळणार? म्हणून आकृती बदल: बंदूक बाजूला फेकलेली दिसू दे, गुडघे टेकू देत, आणि ओरडणं ऐकू येऊ दे. नुसत्या रंगावर विसंबू नकोस, लाल-हिरवा भेद न कळणारे खेळाडू खूप असतात. बसमध्ये आवाज बंद करून खेळणारेही असतात, त्यांच्यासाठी ओरडण्याची अक्षरं पडद्यावर हवीत.

आणि खोटी शरणागती. हात वर करून मग पिस्तूल काढणारा शत्रू तू तिसऱ्याच मिशनमध्ये ठेवला आहेस. तो काढ. सुरुवातीच्या पाच-सात शरणागतांपैकी एकाने जरी दगा दिला, तरी प्लेअर पुढच्या सगळ्यांना बघताक्षणी मारेल, आणि मग सहा अवस्थांचा सगळा खटाटोप वाया. शरणागतीचं सोंग घेऊन मारणं हा कायद्याने दगा आहे. तो दाखवायचाच असेल तर उत्तरार्धात, एकदाच, आणि त्यानंतर हात वर करणाऱ्यांचं अभय तसंच टिकतं हेही दाखव. शत्रूने नियम मोडला म्हणून आपल्याला मोडायची मुभा मिळत नाही, हा या कायद्याचा कणा आहे. प्लेअर स्वतः रुग्णवाहिकेत लपून किंवा गावकऱ्याचे कपडे घालून गोळी चालवतो, तीही याच जातीची गोष्ट. पाचवं मिशन त्या नजरेने पुन्हा तपास.

कैदी घेतल्यावर त्याचं करायचं काय, याला तुझ्या गेममध्ये उत्तर नाही, आणि जिथे उत्तर नसतं तिथे प्लेअर गोळी घालून मोकळा होतो. झडती घेणं, हात बांधणं, मागे पाठवणं, या तीन क्रिया दे. मागे पाठवायला तुकडीतला एक माणूस काही मिनिटांसाठी जाऊ दे. आठांचे सात होतात, पुढचा बोळ अवघड होतो, आणि खऱ्या तुकडीपुढचा पेच जसाच्या तसा उभा राहतो. कैद्याला गोळीबारात उघड्यावर सोडून पुढे गेलं तर तीही नोंद ठेव.

चौकशीच्या दृश्याबद्दल मी कडक आहे. बटण दाबत राहा, कैद्याला ठोसे बसतात आणि तो शस्त्रसाठ्याचा पत्ता सांगतो. हे दृश्य गेममधून जायलाच हवं. तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक सांगितला की त्याचं बंधन संपतं. छळ केव्हाही गुन्हाच. पण मला त्याहून खटकतं ते हे, की गेममध्ये छळातून मिळालेली माहिती दर वेळी खरी निघते. प्रत्यक्षात मार थांबावा म्हणून माणूस काहीही सांगतो. पत्ता हवा असेल तर तो झडतीतल्या कागदांत, पकडलेल्या वायरलेस सेटमध्ये किंवा नकाशावरच्या खुणांत ठेव. गेम म्हणूनही ते जास्त रंगतं, कारण प्लेअरला डोकं चालवावं लागतं.

गुणांचा हिशेब लगेच बदल. आपल्या पोरांच्या तोंडी ‘नॉक केला, फिनिश कर’ हे बसलेलं आहे, कारण फिनिशला गुण मिळतात. जमिनीवर पडलेल्या, प्रतिकार न करणाऱ्या माणसाला मारण्याबद्दल तुझा गेम वीस गुण देतो. ते शून्य कर. रेड क्रॉसच्या समितीने २०२३ मध्ये ‘फोर्टनाइट’ या गेममध्ये मोहीम चालवली, तिचा पहिला नियमच हा होता: पडलेल्या शत्रूवर गोळ्या झाडू नका. मेडकिट सगळ्यांना वापरा, हाही त्यातलाच एक. तुझ्या मेडकिटचं बटण जखमी शत्रूवर चालतच नाही, ते चालू कर. गुण लक्ष्य साधल्याचे दे, मुडदे मोजल्याचे नको.

आता नागरिक. तुझ्या शहरात एकही नाही. कारण मला ठाऊक आहे: स्वस्त फोनवर तीस-चाळीस जास्तीची माणसं हलवली की फ्रेम रेट कोसळतो, चित्र अडखळत चालतं. पण रिकाम्या शहरात कायद्याचा प्रश्नच उरत नाही, आणि रिकामं शहर ही युद्धाबद्दलची सर्वांत मोठी थाप आहे. प्रत्येक माणूस दाखवायची गरज नाही. उंबऱ्याबाहेर चपला ठेव, दांडीवर ओले कपडे, खिडकीत उजेड, आतून कुकरची शिट्टी, लहान मुलाचं रडणं. या गोष्टींना प्रोसेसर जवळजवळ लागत नाही. प्रत्येक घराला ‘वस्ती आहे’ किंवा ‘ओसाड’ अशी एक खूण दे आणि त्यावरून हे पुरावे मांड. मग बंद दारातून ग्रेनेड टाकण्याआधी प्लेअर उंबरा बघायला शिकतो. प्रत्यक्ष चालते-बोलते नागरिक एका वेळी सहा-आठ पुरेत, मात्र त्यांना गोळीबारात खाली वाकता, पळता आणि घरात परतता आलं पाहिजे. बंदुकीसमोर वेड्यासारखा धावत येणारा नागरिक प्लेअरला वैतागच आणतो.

तोफखान्याचा भाग मात्र मुळापासून बदलावा लागेल. देवळालीला तोफखान्याची शाळा आपल्या उशाशी असताना नाशिकच्या मुलीच्या गेममधली तोफ इतकी खोटी असू नये. तुझ्या १५५ मिलिमीटरच्या गोळ्याचा घातक घेर आठ मीटर आहे. प्रत्यक्षात तो ढोबळमानाने पन्नास मीटर धरतात आणि तुकडे त्याहून लांब उडतात. आठ मीटरच्या घेरात प्रमाणाचा प्रश्न पडतच नाही. पन्नास मीटर केलास की पेठेतल्या मशीनगनवर तोफ मागवताना शेजारच्या पाच घरांचा विचार आपोआप येतो. शिवाय गोळा बटण दाबल्याबरोबर पडत नाही. लांबच्या माऱ्यात तो अर्धा-पाऊण मिनिट, कधी त्याहूनही जास्त वेळ हवेत असतो. आधी एकाच तोफेचा गोळा, निरीक्षकाने दिलेली दुरुस्ती, मग पुढचा गोळा, आणि नेम बसला की सगळ्या तोफांचा मारा. हा क्रम ठेव आणि त्यासोबत ‘फायर थांबवा’ हे बटण दे. हवेतला गोळा परत येत नाही, पण पुढचे थांबतात. लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी फार जास्त होईल असं दिसल्यावर हल्ला थांबवणं ही कायद्याने दिलेली जबाबदारी आहे. तुझ्या गेममध्ये प्लेअरला ती पार पाडायची सोयच नाही.

प्रमाणाचा नियम बहुतेक गेम चुकीचा बसवतात. किती शत्रू मेले आणि किती नागरिक, यांची वजाबाकी म्हणजे प्रमाण नव्हे. हल्ल्यातून मिळणारा ठोस आणि थेट लष्करी फायदा एका बाजूला, नागरिकांची अपेक्षित हानी दुसऱ्या बाजूला, आणि तोलायचं ते निर्णयाच्या क्षणी हाताशी असलेल्या माहितीवर. म्हणून स्फोटानंतर मुडदे मोजू नकोस. तोफ मागवली त्या क्षणाची नोंद कर: गेल्या एका मिनिटात प्लेअरच्या नजरेला कोणते नागरिक किंवा वस्तीच्या खुणा पडल्या, ड्रोन उपलब्ध असून त्याने तो वापरला का, लहान शस्त्राने काम झालं असतं का, लक्ष्य काय होतं. ही नोंद नसेल तर काळजी घेणारा पण दुर्दैवी प्लेअर दोषी ठरतो आणि डोळे मिटून मारा करणारा नशीबवान सुटतो.

लष्करी लक्ष्य कशाला म्हणायचं हे पक्कं करण्यासाठी आपलंच शहर डोळ्यासमोर आण. देवळालीच्या तोफा आणि बराकी लक्ष्य ठरतात. तिथलं लष्करी रुग्णालय ठरत नाही. ओझरचा विमानांचा कारखाना ठरतो, पण आतला कामगार नागरिकच राहतो आणि त्याचा जीव प्रमाणात धरावा लागतो. नाशिक रोडचा नोटांचा छापखाना देशाला कितीही महत्त्वाचा असो, लष्करी कारवाईत त्याचा हातभार नाही, म्हणून तो लक्ष्य नाही. रेल्वेचा पूल? त्यावरून त्या वेळी काय जातंय यावर अवलंबून. घाटावरची देवळं आणि सरकारवाड्यासारख्या वास्तूंना १९५४ च्या हेग कराराने सांस्कृतिक वारसा म्हणून वेगळं संरक्षण आहे. या पद्धतीने तुझ्या नकाशावरच्या प्रत्येक इमारतीपुढे दोन शब्द लिही: कशासाठी वापरात आहे, आणि वापर बदलला तर काय. शाळेच्या गच्चीवर मशीनगन बसली की शाळेचं संरक्षण जातं, मशीनगन हलली की परत येतं. ही माहिती स्थिर टॅगमध्ये नको, खेळताना बदलू शकणाऱ्या नोंदीत ठेव.

शेवटच्या मिशनमध्ये वरचं धरण फोडून शत्रूची छावणी बुडवायची आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडावर काय होतं हे नाशिककराला सांगायला नको. धरणं, बंधारे आणि अणुवीज केंद्रांना १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलचं कलम ५६ खास संरक्षण देतं, कारण पाणी सैनिक आणि बाजारकरी यांत भेद करत नाही. मिशन काढू नकोस, प्लेअरला निर्णय घेऊ दे. पण पूर आकड्यांत सांगू नकोस. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी लागलं यावरून आपण पूर मोजतो, तशी एक मूर्ती पहिल्या मिशनपासून घाटावर ठेव. प्लेअर तिच्या बाजूने दहा वेळा गेलेला असला की धरण फुटल्यावर त्याला आकडा लागणार नाही.

घरात शिरून कपाटं रिकामी करणं हीसुद्धा लूटच, आणि लूट मनाई आहे. शत्रूच्या तुकडीची शस्त्रं आणि दारूगोळा घेता येतो. कैद्याच्या वैयक्तिक वस्तू आणि नागरिकाच्या घरातलं काही नाही. हे आपल्याला परकं नाही. चिपळूणजवळ छावणीला राहिलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र काढून वाच: रयतेचं धान्य, भाकर, गवत, लाकूड, भाजी कशालाही हात लागता कामा नये, नाहीतर लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे. तुझ्या गेममध्ये गोळ्या घरोघरच्या फडताळांत सापडतात. त्या शत्रूच्या चौक्यांवर हलव.

परिणामांबद्दल. नागरिक मेला की ‘मिशन फेल’ची पाटी दाखवून मागे नेणं हा सोपा उपाय आहे. अमेरिकी लष्कराने स्वतः २००२ मध्ये काढलेल्या ‘अमेरिकाज आर्मी’ गेममध्ये नियम मोडणारा प्लेअर सरळ लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगातल्या कोठडीत पोचायचा. भरतीसाठी काढलेल्या गेमला ते शोभतं. तुझ्या गेममध्ये गोष्ट आहे, आणि गोष्टीला नियमभंगाचं ओझं वागवू दे. कुरुक्षेत्रावर दोन्ही बाजूंनी नियम आधी ठरवले होते. रथाचं चाक काढणारा कर्ण, मांडीवर बसलेली गदा, झोपलेल्या छावणीत शिरलेला अश्वत्थामा आपल्याला अजून सलतात ते त्यामुळेच. तिथे कोणी खेळ थांबवून मागे नेला नाही. कैदी मारल्याची बातमी पसरली की शत्रू शरण यायचे थांबू देत आणि शेवटच्या गोळीपर्यंत लढू देत. गावातून मिळणारी खबर आटू दे. साथीदारांपैकी एखादा बोलणं बंद करेल, एखादा वर तक्रार करेल, आणि दोन मिशननंतर चौकशी अधिकारी नोंदवही घेऊन येईल. प्लेअर तुकडीप्रमुख आहे, म्हणून साथीदाराचा गुन्हा पाहून गप्प राहिला तर तोही जबाबदार.

फक्त पाप-पुण्याचा मीटर लावू नकोस. पाच जखमी वाचवले म्हणून एक कैदी मारल्याचं माफ होतं, असा हिशेब जगातल्या कुठल्याच न्यायालयात चालत नाही. दोन्ही नोंदी वेगळ्या राहू देत.

सर्वांत सोपं काम आजच कर: मेडकिटवरचा आणि रुग्णवाहिकेवरचा पांढऱ्यावरचा लाल क्रॉस काढ. १९६० च्या आपल्या कायद्याच्या कलम १२ नुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते चिन्ह कोणत्याही कामासाठी वापरता येत नाही. ‘प्रिझन आर्किटेक्ट’ या गेमला २०१७ मध्ये ब्रिटिश रेड क्रॉसच्या सूचनेवरून रुग्णवाहिकेवरचं ते इवलंसं चिन्ह बदलावं लागलं होतं. ते औषधाचं चिन्ह नाही. रणांगणावर ‘याच्यावर गोळी झाडू नका’ एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि गेममध्ये ते कुठेही चिकटवल्याने तो अर्थ झिजतो. हिरव्यावर पांढरा क्रॉस हे प्रथमोपचाराचं चिन्ह चालेल. गेममधल्या वैद्यकीय पथकासाठी स्वतःचं चिन्ह काढ आणि पहिल्याच मिशनमध्ये त्याचा अर्थ सांग.

मल्टिप्लेअरमध्ये, म्हणजे अनेक प्लेअर एकमेकांविरुद्ध खेळतात तिथे, यातलं फार थोडं टिकतं. पडलेल्याला मारण्याचे गुण काढणं आणि चिन्ह बदलणं एवढं कर, बाकी नंतर पाहू.

चाचणीला कॉलेज रोडवरची दहा-बारा मुलं पुरेत, पण निम्मी स्वस्त फोनवाली घे. त्यांना विषय आधी सांगू नकोस. प्रत्येक नियमभंगाच्या वेळी गेम आपोआप दहा सेकंदांचं चित्रण साठवू दे, आणि खेळ संपल्यावर ते दाखवून एकच विचार: हे तू मुद्दाम केलंस का? ‘मला दिसलंच नाही’ असं उत्तर ज्या ठिकाणी वारंवार येईल तिथे दोष तुझ्या खुणांचा आहे. तिथे शिक्षा वाढवू नकोस, आकृती आणि आवाज सुधार. ‘हो, मुद्दाम केलं’ म्हणणाऱ्यांना मात्र पुढे काय झालं ते आठवतंय का, तेही विचार. आठवत नसेल तर परिणाम फार उशिरा किंवा फार हळू पोचतोय.

पुढचं बिल्ड पाठवशील तेव्हा ही उत्तरं आणि तोफेच्या निर्णयांच्या नोंदी सोबत पाठव. शरणागतीच्या सवलतीचा सेकंद पुरतो की दीड करावा लागेल, ते त्या पाहूनच ठरवता येईल.